गोटीअण्णांच्या मनगटावरची बाई

घड्याळ नेहमी मालकाच्या बाजूनं चालतं, हे आमच्या गावानं फार पूर्वीच ओळखलं होतं. अठ्ठ्याहत्तर साली पाटाच्या पाण्यावरून चिमाजीचं आणि काळूचं असं जुंपलं, की फावड्याचा दांडा बसून चिमाजीच्या डोक्याला सात टाके पडले. भांडण कशाचं? तर चिमाजीच्या घड्याळात नऊ वाजायला दहा मिनिटं कमी होती आणि काळूच्या घड्याळात नऊ वाजून गेले होते. घड्याळं दोघांचीही चांगली, किल्ली रोज दिलेली. शेवटी मारुतीच्या पारावर बैठक बसली आणि म्हाताऱ्यांनी निकाल दिला: मंगळवारी, म्हणजे पाण्याच्या वारी, पाटावर घड्याळ आणायचं नाही. जो आणील त्यानं मारुतीला अकरा नारळ फोडायचे. वेळ सांगायची ती गोटीरामनं.

गोटीराम म्हणजे आमच्या गावातल्या निवृत्तीचा चुलता, सगळ्यांचे गोटीअण्णा. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळे घेऊन गेल्या. लग्न नाही, नावावर वीतभर जमीन नाही, पुतण्याच्या घरी दोन वेळची भाकरी. ज्याला शेत नाही आणि दिसतही नाही, तो कुणाची बाजू घेणार? म्हाताऱ्यांनी डोकं बरोबर लावलं होतं.

अण्णांची रीत साधी होती. नाशिकच्या बाजूला एका कारखान्याचा भोंगा सकाळी सातला आणि दुपारी तीनला व्हायचा, वारा नसला तरी गावात ऐकू यायचा. सातच्या भोंग्याला अण्णा पाटाच्या फळीशेजारी जांभळाखाली बसायचे आणि जपाची माळ ओढायला लागायचे. एका मण्याला एकदा रामकृष्णहरी. तासाला पंधरा माळा, दोन तासांच्या पाळीला तीस. एक माळ झाली की एक चिंचोका उजवीकडून डावीकडे. तीस चिंचोके सरले की अण्णा ओरडायचे, "फळी!" की पुढच्या माणसानं फळी उचलून पाणी आपल्या शेताकडे वळवायचं. पहिली पाळी चिमाजीची, दुसरी काळूची, अकरा ते एक बायडाबाईची, शेवटची निवृत्तीची. निवृत्तीच्या शेवटच्या चिंचोक्याला तिकडं तीनचा भोंगा वाजायचा. पुढं मागं झालं तर एखाद्या मिनिटाचं. एकोणीस वर्षं हे असंच चाललं. गावात म्हणच पडली होती, की भोंगा चुकेल, अण्णा चुकायचे नाहीत.

आणि अण्णांना त्याचा अभिमान होता, उगाच नाही कशाला म्हणायचं. आंधळ्या माणसाला लोक रस्ता दाखवतात, भाकरी देतात, कीव तर टोपलीनं देतात. पण सगळ्या गावानं आपल्या तोंडाकडे बघत थांबायचं, हे सुख मंगळवारचंच.

सत्त्याण्णव सालच्या मार्गशीर्षात निवृत्तीची मुलगी प्रतिभा एका रविवारी घरी आली. ती नाशिकला मेनरोडवर एका घड्याळाच्या दुकानात काउंटरवर होती. आल्या आल्या तिनं अण्णांचा हात ओढला आणि मनगटावर एक जाडजूड पट्टा बांधला.

"आजोबा, हे बटण दाबा."

अण्णांनी दाबलं. मनगटातून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "ग्यारह बजकर बीस मिनट."

अण्णांनी हात झटकला. चुलीपाशी बसलेल्या कुसाबाईनं, म्हणजे निवृत्तीच्या बायकोनं, "अगं बया!" म्हणून पदर सावरला. परक्या बाईचा आवाज घरात आला, की हात आपोआप पदराकडे जातो.

"बोलकं घड्याळ आहे. साडेतीनशे रुपये," प्रतिभा म्हणाली. "शेठना विचारून आणलंय. दहा दिवस वापरून बघा. आवडलं तर ठेवा, नाही तर पुढच्या बुधवारी परत. फक्त काचेवरचा कागद काढू नका. आणि सेल वर्षभर जातात, मग बदलावे लागतात."

"मला कशाला ते सोंग? मला वेळ कळती," अण्णा म्हणाले. पण पट्टा सोडला नाही.

त्या दिवशी अण्णांनी बटण किती वेळा दाबलं, याचा हिशेब त्या बाईलाच ठाऊक. गावभर बातमी झाली. जो भेटेल तो विचारी, "अण्णा, बाई काय म्हणती?" चिमाजी तर म्हणाला, "साठी उलटल्यावर अण्णानं संसार मांडला, अन् बायकोबी कशी, दाबल्याशिवाय बोलत नाय." अण्णा खोटं रागवत आणि पुन्हा बटण दाबून दाखवत. खरं सांगायचं तर त्यांना ती बाई फार आवडली होती. रात्री जाग आली की किती रात्र उरली हे विचारायला कुणाला उठवावं लागत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस आयुष्यभर किती मिंधा राहतो, ते त्यांना त्या घड्याळानं दाखवलं.

सोमवारी मात्र बाईनं लाज आणली. काळूच्या आईचा दहावा होता. नदीकाठी पिंड ठेवलेला, सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघत उभे. कावळा काही शिवेना. म्हातारीची काय इच्छा राहिली म्हणून काळू एकेक बोलत होता, "आई, धाकट्याचं लग्न करीन, आई, गाय विकणार नाय," आणि अचानक अण्णांच्या मनगटातून कोंबडा आरवला. चांगला तीनदा, बांग दिल्यासारखा. गजर होता तो, प्रतिभा काढायला विसरली होती. अण्णा घाबरून एकेक बटण दाबायला लागले, त्यात गजर बंद झाला, पण बाई ओरडली, "दस बजे हैं!" कावळा उडाला. बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. पुढं कावळा परत आला आणि शिवला, म्हणून निभावलं. पण काळूनं अण्णांशी बोलणं टाकलं.

मग मंगळवार उजाडला. आता नियम म्हणजे नियम, पाटावर घड्याळ न्यायचं नाही. पण हातातून काढायचं जिवावर आलं. अण्णांनी सदऱ्याची बाही खाली ओढली आणि जांभळाखाली जाऊन बसले. बोलवायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण चिमाजीचे तीस चिंचोके सरले, फळी बदलली, माणसं पांगली, तेव्हा राहवेना. त्यांनी हात घोंगडीत घेतला, कानाशी नेला आणि बटण दाबलं. नऊ वाजून एक मिनिट! अण्णा एकटेच हसले. काळूच्या पाळीनंतर दाबलं, अकराला दोन कमी. वा रे पठ्ठ्या. एकोणीस वर्षं जे गावानं मानलं होतं, ते घड्याळानंही मानलं.

बायडाबाईची पाळी संपली. तीस चिंचोके डावीकडे आले, अण्णांनी "फळी!" म्हणून आरोळी दिली, निवृत्तीनं पाणी वळवलं, कुसाबाईनं फडकं सोडून भाकरी आणि वांग्याचं कालवण पुढ्यात ठेवलं. अण्णांनी तोंड धुवायच्या निमित्तानं बाजूला जाऊन बटण दाबलं.

"बारह बजकर चालीस मिनट."

बाई मागं पडली, हा पहिला विचार. स्वस्तातली वस्तू, दोन दिवसांत बिघडली. अण्णा नेहमीसारखे माळ ओढता ओढताच जेवले आणि पुढं मोजत राहिले. निवृत्तीचा तिसावा चिंचोका सरकवला आणि लांबून भोंगा आला. त्यांनी बटण दाबलं. बाई म्हणाली, तीन.

तीन! म्हणजे बाई मागं पडलेली नव्हती. बाई बरोबर, भोंगाही बरोबर, तर मग बायडाबाईची वीस मिनिटं गेली कुठं?

ती कुठं गेली हे समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. बुधवारी घरी बसून त्यांनी सकाळच्या न्याहारीनंतर एक माळ ओढली. दुपारी कुसाबाई भाकरी थापायला लागली, भाजक्या पिठाचा वास नाकात गेला, तेव्हा दुसरी ओढली. जेवून पोट टम्म झाल्यावर तिसरी. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर बाईला विचारलं. एका माळेच्या फरकानं बाईला काही कळेना, म्हणून गुरुवारी दहा दहा माळा ओढल्या. भुकेल्या पोटी बोटं पळत होती आणि भरल्या पोटी पेंगत होती. अण्णांना स्वतःला ते कळतही नव्हतं. रामकृष्णहरी तेच, मणी तेच. पण मंगळवारी बायडाबाईची पाळी संपली की भाकरी यायची. एकोणीस वर्षं, दर मंगळवारी, अण्णांची बोटं भाकरीकडे धावत होती, आणि जेवल्यावर तेवढीच मिनिटं सावकाशीनं निवृत्तीच्या शेतात ओतत होती. दोन्ही टोकांना भोंगे बरोबर लागत होते, म्हणून मधलं कुणी तपासलं नाही.

कुणी तपासलं नाही, असंही नाही. एकानं तपासलं होतं.

बायडाबाई विधवा बाई. पाटाच्या शेपटाला तिचं एकराचं शेत, त्यात शेवंती आणि मेथी-कोथिंबीर, पहाटे गाठोडं घेऊन नाशिकच्या बाजारात. तिच्या शेवटच्या दोन वाफ्यांना पाणी कधी पोचलंच नाही. गाव म्हणे, तिची जमीनच खादाड आहे. चार वर्षांपूर्वी तिचा मुलगा गोरक्ष भर पाटावर म्हणाला होता, "अण्णा, आमची पाळी तोकडी हाय. मी जीव तोडून पाणी पळवतो, तरी शेवटचे वाफे कोरडे राहत्यात." तशी बायडाबाई पुढं आली आणि तिनं पोराच्या फाडकन मुस्काटात दिली. "स्वतःला फावडं चालवायला नको अन् देवमाणसाला खोटं पाडतो? धर पाय!" गोरक्षनं अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. पोराचं कपाळ घामानं ओलं होतं, ते अण्णांना अजून आठवत होतं. त्यांनी मोठ्या मनानं पाठीवरून हात फिरवून "जाऊ दे" म्हटलं होतं. आठवड्याच्या आत गोरक्ष अंबडच्या एका कंपनीत लागला. तेव्हापासून पैसे पाठवतो, पण दिवाळीलाही गावात पाऊल टाकत नाही.

गुरुवारी रात्री जेवताना निवृत्ती सहज बोलल्यासारखं म्हणाला, "अण्णा, ते घड्याळ पोरीला परत देऊन टाका. काय करायचं आपल्याला?"

अण्णांचा घास हातातच राहिला. "तुला ठाऊक होतं?"

निवृत्तीनं कांदा फोडला. "घरातनं निघताना भिंतीवरचं घड्याळ दिसतंच की."

"कवापासून?"

"लय वर्सं झाली."

"मग बोलला का नाय?"

"गोरक्ष बोलला होता ना. काय झालं त्याचं?"

अण्णांना पुतण्याचा संताप आला, आणि त्याच्याच ताटात आपण जेवतोय याचा त्याहून जास्त आला.

पुढचे चार दिवस अण्णांनी बाईला एकदाही बोलवलं नाही. एक वाट सोपी होती. घड्याळ परत करायचं आणि मंगळवारी बायडाबाईच्या पाळीत बोटं आवरून धरायची. पाणी तिला पुरतं मिळेल, कुणाला काही कळणार नाही, आपलं नाव राहील. यात वाईट काय? काहीच नाही. पण मग गोरक्ष खोटाच राहणार होता. पाणी गुपचूप परत देता येतं, खोटं पडलेल्या पोराचं काय करायचं? आणि सांगितलं तर लोक काय म्हणणार हेही त्यांना पाठ होतं: पुतण्याच्या भाकरीला जागला आंधळा.

दुसरा मंगळवार आला. बायडाबाईचा तिसावा चिंचोका डावीकडे गेला. अण्णा बोलले नाहीत. निवृत्ती फळीला हात लावून उभा, कुसाबाईनं फडकं सोडलेलं, कालवणाचा वास सुटलेला. काळू आणि चिमाजी बांधावर बिड्या ओढत होते.

"अण्णा, झालं ना?" निवृत्तीनं विचारलं.

अण्णांनी बाही वर केली, हात उंच धरला आणि बटण दाबलं.

"बारह बजकर इकतालीस मिनट."

"अकरा नारळ!" चिमाजी केवढ्यानं तरी ओरडला. "पाटावर घड्याळ! अण्णा, तुम्हीसुद्धा?"

"फोडतो नारळ. आधी ऐका," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. चिंचोके, भूक, भाकरी, वीस मिनिटं, एकोणीस वर्षं. निवृत्तीला ठाऊक होतं, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही. खाल्ल्या मिठाला ते तेवढे जागले.

काळूला दहाव्याचा कोंबडा आठवला असणार. "म्हंजे चुलत्या-पुतण्यानं मिळून रांडमुंड बाईचं पाणी प्यालं," तो म्हणाला. निवृत्ती अंगावर धावला, चिमाजीनं मध्ये पडून दोघांना धरलं. आपल्या डोक्याचे सात टाके तो विसरला नव्हता.

"फळी एक वाजेपर्यंत हलायची नाय," अण्णा म्हणाले. ती हलली नाही.

एक वाजायला पाच-सात मिनिटं असताना शेपटाकडून बायडाबाई आली. तिला इकडचं काहीच माहीत नव्हतं. "भाऊ, काय इपरीत झालं आज?" ती लांबूनच म्हणाली. "शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं की वो!" तिच्या आवाजात असा आनंद होता, की तिला सांगायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी तेही अण्णांनीच सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"गोरक्षाच्या वक्तालाबी असंच हुतं?"

"असंच होतं. तुझं पोरगं खरं बोललं होतं, बाई."

फावडं खाली पडल्याचा आवाज झाला. बायडाबाई मटकन चिखलात बसली आणि हंबरडा फोडून रडली. अण्णांना वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवारी सकाळी तीच निवृत्तीच्या दारात उभी राहिली. "चला भाऊ," म्हणाली, आणि अण्णांचा हात धरून त्यांना एस्टीत बसवलं. अंबडजवळच्या चाळीत गोरक्षची खोली होती, रात्रपाळी करून तो झोपला होता. त्यानं दार उघडलं, तर समोर आई आणि अण्णा.

अण्णा चाचपडत वाकले. पाय सापडायच्या आत गोरक्षनं त्यांचे दोन्ही दंड धरले. "अण्णा, काय करता हे?"

"पाळी तोकडी होती रे. माझी चूक होती. तू खरा होता."

गोरक्ष म्हणाला, "चार वर्सं झाली, मला वाटायचं माझाच हात मंद हाय. इथं मशिनीवरबी सुपरवायझर बोलला की वाटतं, खरंच असंल."

बायडाबाईनं त्या गालावर हात ठेवला. ज्या गालावर मारलं होतं, त्याच. तो हात त्यानं काढला नाही.

परतीच्या वाटेवर अण्णा मेनरोडला उतरले. प्रतिभानं विचारलं, "काय आजोबा, परत?"

"ठेवतो. अन् पुन्हा कुठं तुझा कोंबडा आरवला नाय पायजे, तेवढं बघ."

तिनं गजर बंद असल्याची खात्री केली आणि काचेवरचा कागद ओढून काढला.

बैठक पुन्हा पारावर बसली. काळू म्हणाला, अण्णांना काढा. चिमाजी म्हणाला, काढून ठेवणार कुणाला, तुला? शेवटी ठरलं, की वेळ बाईच सांगील, तिलाही शेत नाही. आणि बाई अण्णांच्याच हातात राहील, कारण डोळस माणूस काटे आणि बटणं फिरवायला मागंपुढं बघत नाही. निवृत्तीनं मान खाली घालून होकार दिला. अकरा नारळ अण्णांनी फोडले, खोबरं गावानं खाल्लं.

पुढच्या मंगळवारी बाईनं अकरा सांगितले, फळी उचलली गेली आणि पाणी शेपटाकडे धावलं. तिकडं शेवटच्या वाफ्यात फावड्याचा आवाज येत होता. हा आवाज अण्णांनी चार वर्षं ऐकला नव्हता, पण ओळखला. गोरक्षनं सुटी काढली होती. तेवढ्यात शेजारी कुणी तरी बसलं, फडकं सुटलं, गरम भाकरीचा आणि मेथीचा वास आला.

"आधी खा," बायडाबाई म्हणाली.

"अगं, आता बाई हाय ना मोजायला. भुकेनं काय बिघडतंय?"

"तुमच्या बाईचे सेल कवा संपतील काय नेम नाय," ती म्हणाली. "खाऊन घ्या गुमान."

अण्णांनी माळ मांडीवर ठेवली आणि पहिला घास घेतला.